‘जमा’ कशाला म्हणायचे? माझ्या बँकेला एक खुले पत्र

प्रति,
माननीय शाखा व्यवस्थापक,
तसेच खातेदारांना जाणाऱ्या मेसेजचा मजकूर मुख्यालयात बसून ठरवणारे अधिकारी, यांस,

स. न. वि. वि.

बँकेचे नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेले नाही. आपल्याला ते कळेलच, कारण माझ्या तक्रारीला आपण तीन ओळींचे उत्तर पाठवले आहे. बाकीच्यांनी आपापल्या फोनमधले बँकेचे मेसेज उघडून बघावेत. हे फक्त एका बँकेपुरते आहे असे मला वाटत नाही.

आपले उत्तर असे: ‘सदर व्यवहार खातेदाराने स्वतःचा पिन वापरून केलेला असल्याने बँकेवर कोणतीही जबाबदारी येत नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.’

पिन मीच टाकला, हे मला मान्य आहे. चेकच्या फसवणुकीत गेलेले ४८,००० रुपये मी आपल्याकडे मागतही नाही. मी मागते ते २३६ रुपये, आणि आपल्या मेसेजमधला एक शब्द बदलून. एवढ्यासाठी जाहीर पत्र लिहावे लागते आहे, कारण शाखेत दोनदा आणि फोनवर चारदा सांगूनही मी नक्की काय मागते आहे ते कोणी ऐकून घेतले नाही. प्रत्येकाला वाटले, बाई पैसे परत मागायला आली.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात मी ३१ वर्षे नोकरी केली. सुरुवातीला लाल कापडी पुठ्ठ्याच्या खतावण्या होत्या, नंतर संगणक आला. दर महिन्याला बँकेचे आणि आमचे आकडे जुळवायचे काम माझ्याकडे असे. चेक आला की तो ‘येणे’त राहायचा आणि वटल्यावरच ‘जमा’ धरायचा, हे मी नव्या मुलांना शिकवत असे. म्हणून जे झाले ते सांगायला मला अजून लाज वाटते. आमच्या इमारतीत हे दोन महिने कोणालाच सांगितले नव्हते. आता सांगते आहे, तर सगळेच सांगते.

नौपाड्यातली आमची तीन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मानपाड्याला भाड्याने घेतलेले घर अकराव्या मजल्यावर आहे आणि सासऱ्यांनी करून घेतलेले आरशाचे सागवानी कपाट तिथल्या लिफ्टमध्ये मावत नाही. कपाट आणि सहा खुर्च्यांचे जेवणाचे टेबल मिळून ३८,००० रुपये अशी जाहिरात मुलीने जुन्या वस्तूंच्या एका अॅपवर टाकून दिली.

पहिल्या दोन दिवसांतच दोन फोन आले. ‘काकू, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्याकडे येतील,’ असे दोघेही म्हणाले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कोड स्कॅन करतो तो पैसे देणारा, एवढे मला कळते. दोघांनाही झापून फोन ठेवला आणि संध्याकाळी मुलीला मोठ्या तोऱ्यात सांगितले. तो तोरा पुढे नडला.

तिसरा माणूस अगदी सौम्य बोलणारा. नाशिकला कंपनीचे अतिथीगृह सजवायचे आहे म्हणाला. कपाटाची उंची, खोली, बिजागऱ्या कसल्या, वाळवी लागली आहे का, सगळे विचारले. भावात घासाघीस केली नाही. मी हिशेब खात्यात होते हे बोलण्यात आले, तेव्हा म्हणाला, ‘मग तुम्हाला पटेल काकू. आमची कंपनी यूपीआय करत नाही, चेकनेच देते. ऑडिटला बरे पडते.’ आता ३१ वर्षे ऑडिटरला चहा पाजलेल्या बाईला हे वाक्य पटणार नाही तर काय! आमच्या पिढीला चेक म्हणजे पांढरा व्यवहार. त्यावर नाव असते, सही असते, नंबर असतो, मागे कोणीतरी जबाबदार माणूस असतो, अशी आमची समजूत.

शुक्रवारी, ७ नोव्हेंबर २०२५ ला दुपारी चार वाजून गेल्यावर त्याने भरणा पावतीचा फोटो पाठवला. चेक आपल्या दुसऱ्या एका शाखेच्या पेटीत टाकला होता. रक्कम ३८,००० नव्हे, ८६,०००. लगेच त्याचा फोन आला. मुलुंडला एका बाईंकडून सोफा घेतला आहे, टेम्पोचे भाडेही आहे, आमच्या अकाउंटंटने सगळ्याचा मिळून एकच चेक काढला. तुमचे ३८,००० ठेवून उरलेले टेम्पोवाल्याला पाठवा, तो मुलुंडला देईल.

मी म्हटले, पैसे खात्यात दिसल्याशिवाय एक रुपया हलणार नाही.

संध्याकाळी सव्वासहाला आपला मेसेज आला. इंग्रजीत होता, मी देवनागरीत उतरवते: ‘रुपये ८६,००० क्रेडिटेड टू युअर अकाउंट’, पुढे चेकचा नंबर, तारीख, शिल्लक, आणि सगळ्यात शेवटी ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन’, म्हणजे चेक वटला तरच. माझ्या फोनच्या पडद्यावर मेसेजच्या पहिल्या दोन ओळी दिसतात. शेवटचे तीन शब्द उघडल्याशिवाय दिसत नाहीत. मी अॅप उघडले. सकाळी शिल्लक ६६,४१२ होती. आता पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत १,५२,४१२.

तरीही मी थांबले. शनिवारी सकाळी टेम्पोवाल्याचा फोन येऊ लागला, माजिवड्याला उभा आहे, मुलुंडच्या बाई खोळंबल्या आहेत. तेव्हा मी आपल्या ग्राहक सेवेच्या नंबरला फोन केला. नऊ मिनिटे गाणे ऐकल्यावर एक मुलगा आला. मी विचारले, ‘हे ८६,००० नक्की आले आहेत का?’ तो म्हणाला, ‘हो मॅडम, अमाउंट क्रेडिट झालेली दिसते आहे.’ मी पुन्हा विचारले, ‘वापरायला हरकत नाही ना?’ त्यावर ‘शिल्लक दिसते आहे मॅडम, आणखी काही मदत?’

मग मी पिन टाकला. ४८,००० गेले आणि अॅपवर १,०४,४१२ राहिले. मला हायसे वाटले. खरे म्हणजे त्या क्षणी माझ्या खात्यात १८,४१२ रुपये होते, आणि गेलेला पैसा नव्या घराच्या डिपॉझिटसाठी बाजूला ठेवलेला होता.

टेम्पो आला नाही. दुपारपासून दोघांचेही फोन बंद. ८ तारखेला दुसरा शनिवार, ९ला रविवार. सोमवारी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर दुसरा मेसेज आला. चेक परत, कारण: खाते बंद. मंगळवारी तिसरा. चेक परत आल्याबद्दल २०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २३६ रुपये माझ्या खात्यातून वजा. शिल्लक १८,१७६. हा आकडा मात्र बिनचूक होता.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन केला तो सोमवारी रात्री, म्हणजे पैसा पुढच्या तीन-चार खात्यांतून निघून गेल्यावर. तक्रार नोंदवून घेणाऱ्या हवालदारांनी चांगली वागणूक दिली, हे इथे लिहिलेच पाहिजे. पुढे त्यांच्याकडूनच कळले की चेक खरा होता. परराज्यातल्या एका बंद पडलेल्या दुकानाचा. खाते बंद करताना उरलेले कोरे चेक फाडले नाहीत, बँकेला परतही केले नाहीत, रद्दीत गेले. शेजारच्या वकिलांनी मला न वटलेल्या चेकबद्दलचे कलम १३८ समजावले. चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची मुदत, मग महिन्याभरात खटला. हा कायदा कागदावर चांगला आहे. पण ज्याने मला चेक दिलाच नाही त्या दुकानदाराला नोटीस पाठवून काय करू? आणि ज्याने दिला त्याचे नाव मला माहीत नाही.

आता माझे गाऱ्हाणे.

मुख्य गाऱ्हाणे ‘क्रेडिटेड’ या शब्दाबद्दल आहे. मराठीत त्याला आपण ‘जमा’ म्हणतो. कीर्द लिहिणाऱ्या कोणत्याही माणसाला विचारा, जमा म्हणजे आलेले. पेटीत पडलेला कागद जमा नसतो. पूर्वी चेक वटायला दोन दिवस लागत, तेव्हा मधल्या काळात ग्राहकाला काहीतरी कळवावे ही आपली अडचण मी समजू शकले असते. पण रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक वटवण्याची पद्धतच बदलली. माझ्या चेकच्या वेळी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत चेकच्या प्रतिमा सतत पुढे जात आणि ज्याच्यावर चेक काढला आहे त्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत हो किंवा नाही सांगायचे असे. म्हणजे कामाच्या दिवशी काही तासांत निकाल लागतो. मग त्या काही तासांआधी ‘क्रेडिटेड’ म्हणायची घाई कोणासाठी? माझा चेक शुक्रवारी चारनंतर पडला, तो सोमवारी पुढे गेला. भामट्याला आपले वेळापत्रक तोंडपाठ होते. त्याने दुसऱ्या शनिवारच्या आदला शुक्रवार निवडला. आपण त्याला अडीच दिवस बक्षीस दिले, आणि वर आपल्या नावाचा मेसेज.

परदेशातही ही फसवणूक जुनी आहे. अमेरिकेत जास्त रकमेचा चेक पाठवून ‘वरचे परत करा’ म्हणणारे भामटे वर्षानुवर्षे आहेत. तिथे तर कायद्यानेच बँकेला चेकचे पैसे थोड्याच दिवसांत वापरायला द्यावे लागतात, आणि चेक खोटा निघाला की भरपाई ग्राहकाच्या गळ्यात. आपल्याकडची व्यवस्था त्याहून वेगवान आहे. रिझर्व्ह बँकेने चांगला रस्ता बांधून दिला आणि आपण त्याच्या तोंडाशी चुकीची पाटी लावून बसला आहात.

दुसरे, अॅपवरचा आकडा. वापरता येणारी रक्कम वेगळी असते, ती दोन पाने आत गेल्यावर दिसते. हे मला शाखेतल्या मुलीने नंतर दाखवले. पहिल्या पानावर जो आकडा मोठा लिहिलेला असतो, तोच माणूस बघतो. भाजीवालीसुद्धा उधारीचे पैसे गल्ल्यात मोजत नाही.

तिसरे, तो फोन. माझ्या तक्रारीत मी दिवस, वेळ, बोलणे किती मिनिटे चालले, सगळे लिहिले होते आणि रेकॉर्डिंग ऐकावे अशी विनंती केली होती. आपल्या तीन ओळींत फोनचा उल्लेखच नाही. त्या मुलाला दोष लागावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. त्याला त्याच्या पडद्यावर जे दिसले ते त्याने सांगितले. पण चेकने आलेल्या रकमेबद्दल ग्राहक खोदून विचारतो आहे, तर ‘चेक अजून वटलेला नाही, थांबा’ हे वाक्य त्याच्या पडद्यावर का नव्हते? माझा पिन तुम्ही मला ऐकवता. पिन टाकण्याआधी मी तुम्हालाच विचारले होते.

भाषेबद्दल थोडक्यात. भरणा पावत्या, पासबुक असा ग्राहकाच्या हातात पडणारा छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत असावा, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. कागदावर तीन भाषा आणि फोनवर एकच, असे का? ‘सब्जेक्ट टू रिअलायझेशन’ मला समजते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचेही आपल्याच शाखेत खाते आहे. त्यांना ‘चेक वटायचा आहे’ हे समजेल.

आणि ते २३६ रुपये. चेक मी काढला नाही, पेटीत मी टाकला नाही, भरणा पावतीवर सही माझी नाही. परक्या माणसाने माझ्या खात्यात खोटा कागद टाकला आणि त्याचा दंड मला. नियम तसा आहे, असे आपण म्हणाल. मग खातेदाराव्यतिरिक्त कोणी चेक टाकला तर खातेदाराला आधी विचारायचा नियम करा. ‘हा चेक तुम्हाला अपेक्षित आहे का?’ एवढा एक प्रश्न. मी तरी ‘हो’ म्हटले असते, हे कबूल करते. पण रक्कम ८६,००० बघून तिथेच चमकले असते.

माझ्या मागण्या, शाखेत दिलेल्या अर्जाप्रमाणेच:

चेक वटेपर्यंत ‘क्रेडिटेड’ किंवा ‘जमा’ हा शब्द कोणत्याही मेसेजमध्ये नको. ‘चेक मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत’ असे मराठीत आणि पहिल्याच ओळीत लिहावे. वटल्यावर दुसरा मेसेज पाठवावा.

अॅपच्या पहिल्या पानावर वापरता येईल तेवढीच रक्कम दाखवावी. बाकीची दाखवायचीच असेल तर खाली, ‘वटायचे चेक’ म्हणून.

ग्राहक सेवेतल्या मुलांना न वटलेला चेक वेगळा दिसेल अशी सोय करावी, आणि माझ्या ८ नोव्हेंबरच्या फोनचे रेकॉर्डिंग ऐकून त्यावर लेखी उत्तर द्यावे.

चेकच्या पेटीवर सध्या क्रेडिट कार्डाची जाहिरात आहे. ती काढून तिथे चार ओळी लिहाव्यात. चेक खिडकीवर देऊन पोच घेता येते हे एक, आणि जास्त रकमेचा चेक देऊन वरचे पैसे परत मागणारा माणूस ठगच असतो हे दुसरे.

२३६ रुपये परत करावेत.

यात आपल्याला खर्च फार नाही. शब्द बदलायचे आहेत.

जुन्या वस्तूंचे अॅप चालवणाऱ्यांबद्दल लिहायला बसले तर वेगळे पत्र होईल. त्या माणसाच्या खात्याची तक्रार केली तेव्हा ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर आले, आणि दहा दिवसांनी त्याच फोटोचा, वेगळ्या नावाचा माणूस मुलीच्या मैत्रिणीचे वॉशिंग मशीन घ्यायला तयार होता, तेही ऐरोलीत. त्यालाही चेकच द्यायचा होता. दोन व्यक्तींमध्ये यूपीआयवरून पैसे ‘मागवण्याची’ सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे ठगांची एक खिडकी बंद झाली आणि ते या जुन्या दाराने येऊ लागले, असा माझा आपला अंदाज आहे. चेकवर विश्वास ठेवणारी माझ्या वयाची माणसे नौपाड्यात आणि पाचपाखाडीत घरोघरी आहेत, आणि पुनर्विकासामुळे प्रत्येकाकडे विकायला एक कपाट आहे.

म्हणून बँकेबरोबर हे पत्र वाचणाऱ्या शेजाऱ्यांना दोन शब्द. वस्तू दारातून बाहेर पडताना पैसे घ्या, रोख किंवा आपल्या डोळ्यांसमोर यूपीआयने. आणि ते आले की नाही हे त्याच्या फोनवर नाही, आपल्या खात्यात बघा. त्याने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे नुसते चित्र. चेक घ्यायचाच असेल तर तो वटल्याचे शाखेत जाऊन विचारा, मेसेजवर जाऊ नका, आणि तोवर वस्तू घरात राहू द्या. डिमांड ड्राफ्टही खोटा छापता येतो. आणि ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त आला, तर वरचे कोणालाही, कोणत्याही कारणाने पाठवू नका. फसलातच तर सोमवारची वाट बघू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा. मी शनिवारी दुपारी लावला असता तर पैसा कुठेतरी अडला असता कदाचित. टेम्पो वाटेत अडकला असेल, उद्या येईल, असे मी स्वतःला रविवार रात्रीपर्यंत समजावत बसले.

व्यवस्थापक महोदय, २३६ रुपयांची तक्रार घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायला मला मुळीच संकोच वाटणार नाही. कारखान्यात ताळेबंदात चार आणे कमी आले तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसत असू. पण त्याआधी आपल्याला संधी द्यावी असे वाटले.

येत्या मंगळवारी सकाळी अकराला मी पासबुक भरून घ्यायला शाखेत येणार आहे. या पत्राची प्रत सोबत आणीन. पोच खिडकीवरच घेईन, पेटीत टाकणार नाही. उत्तर लेखी आणि मराठीत द्यावे.

कपाट अजून विकायचे आहे. आपल्या ओळखीत कोणाला हवे असेल तर सांगावे. किंमत तीच, ३८,०००. चेक घेणार नाही.

कळावे,
आपली एक खातेदार,
नौपाडा, ठाणे